डार्विनचा पारा, दख्खनचा पाऊस

१८७७ च्या पावसाळ्यात हिंदुस्थानच्या हवामान खात्याकडे येणारे आकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते: पारा चढा आहे. खातं तेव्हा कलकत्त्याला होतं, जेमतेम दोन वर्षांचं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हे मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. मोसमी पाऊस यायचा तर उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरचा हवेचा दाब उतरावा लागतो. तो उतरला की समुद्रावरची ओली हवा आत ओढली जाते. त्या वर्षी दाब नेहमीपेक्षा जास्तच राहिला. एखाद्या ठाण्याचा बॅरोमीटर बिघडला असता तर शेजारच्या ठाण्यावरून लगेच कळलं असतं. इथे सगळीकडचाच पारा वर होता.

दख्खनमध्ये तेव्हा माणसं मरत होती. १८७६ चा पाऊस गेला होता आणि पुढच्या वर्षीही जून-जुलै कोरडे चालले होते. सोलापूर, कलादगी, नगर, पुणे, सातारा भागातल्या विहिरींनी तळ गाठला. लोक गुरं सोडून देऊन वाट फुटेल तिकडे निघाले. दुष्काळी कामांवरच्या मजुरीचा हिशेब सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांनी बसवला, तो दिवसाला एक पौंड धान्याच्या मापानं. म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडत होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्यात पुढे होते. वासुदेव बळवंत फडक्यांच्या मनात जो अंगार पेटला, तो याच भागात हिंडून पाहिलेल्या हालांमुळे. मुंबई, मद्रास, म्हैसूर आणि हैदराबाद मिळून पन्नास लाखांच्या वर माणसं त्या दुष्काळात गेली.

इतके लोक कशामुळे मेले याचं उत्तर निव्वळ आभाळात नव्हतं. धान्य बाहेर जात होतं, सारा वसूल होत होता, मदत तोलूनमापून दिली जात होती. ही जबाबदारी पावसावर ढकलता येणार नाही. पण पाऊस का गेला हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर लागायला नव्वद वर्षं लागली.

ब्लॅनफर्ड यांनी हिंदुस्थानाबाहेरच्या वेधशाळांना पत्रं घातली. मॉरिशस, सिलोन, बटाव्हिया, ऑस्ट्रेलिया, रशिया: तुमच्याकडे या काळात दाब किती होता? उत्तरं आली ती चक्रावून टाकणारी होती. १८७६ पासून १८७८ च्या ऑगस्टपर्यंत जवळजवळ अख्ख्या आशियाभर आणि खाली पूर्व ऑस्ट्रेलियापर्यंत दाब चढा होता. त्याच काळात उत्तर चीनमध्ये भयंकर दुष्काळ होता, ब्राझीलचा ईशान्य भाग होरपळत होता, आणि १८७७ मध्ये नाईलला पूर आला तो अगदी नावापुरता. एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले हे मुलूख एकदमच का सुकावेत?

पत्रांना उत्तर देणाऱ्यांत चार्ल्स टॉड हे एक गृहस्थ होते. ॲडलेडला राहायचे, दक्षिण ऑस्ट्रेलियाचं तारखातं आणि वेधशाळा दोन्ही त्यांच्याकडे. १८७२ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडून, वाळवंटातून, सुमारे तीन हजार किलोमीटरची तार थेट डार्विन बंदरापर्यंत नेली होती. त्या तारेवरच्या ठाण्यांत एकेकटी पडलेली तारबाबू मंडळी होती, आणि टॉड यांनी त्यांना आणखी एक काम लावून दिलं होतं: रोज दाब, तापमान आणि पाऊस मोजायचा आणि ॲडलेडला कळवायचा. डार्विनच्या दाबाची जी लांबलचक नोंद पुढे जगाला उपयोगी पडली, तिची सुरुवात ही अशी झाली. १८८८ मध्ये टॉड यांनी लिहून ठेवलं की हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलिया या दोन देशांत मोठे दुष्काळ बहुधा एकाच वेळी पडतात. हे वाक्य फारसं कोणी मनावर घेतलं नाही.

अशा नोंदी आपल्याकडेही होत्या. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची. १८४० च्या दशकापासून तिथे हवामानाची आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची वाचनं नेमानं होत आली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी या वेधशाळेचं काम पाहिलं होतं. टिळकांचे गुरू केरूनाना छत्रे पोरसवदा वयात इथेच नोकरीला लागले, इथेच त्यांना आकड्यांचं वेड लागलं.

हे वाचन म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. पाऱ्याच्या बॅरोमीटरसमोर गेल्यावर आधी दाब बघायचा नाही. आधी त्याला जोडलेला छोटा थर्मामीटर वाचायचा, कारण वाचणाऱ्याच्या अंगाची ऊबसुद्धा पाऱ्याला लागते आणि वाचन चुकतं. मग खालच्या भांड्यातला पारा स्क्रूनं हळूहळू वर आणायचा, वरून उतरलेलं हस्तिदंती टोक आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब एकमेकांना टेकेपर्यंत. मग नळीला बोटानं हलकीशी टिचकी द्यायची, म्हणजे काचेला चिकटलेला पारा सुटून त्याचा माथा नीट गोल होतो. मग व्हर्निअरची कड त्या गोलाईच्या माथ्याला जेमतेम शिवेल अशी आणायची आणि डोळा त्याच पातळीत ठेवून आकडा वाचायचा. तो वहीत उतरवायचा. नंतर तापमानाची दुरुस्ती, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची दुरुस्ती. एवढं झालं की त्या वेळेचं एक वाचन पुरं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. सणावाराला, पावसात, घरात कोणी आजारी असताना. ज्यांनी ही वाचनं केली त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. या शोधकथेतला मोठा वाटा त्यांचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्लॅनफर्ड यांना तोवर दुसरा एक धागा हाती लागला होता. हिमालयावर उशिरापर्यंत जास्त बर्फ राहिलं तर पुढचा पावसाळा कमी पडतो, असं त्यांना दिसलं. १८८४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि १८८६ पासून जूनच्या सुरुवातीला पावसाचा रीतसर अंदाज देणं सुरू झालं. देशभरासाठी दिलेला हा जगातला पहिलाच हंगामी अंदाज म्हणावा लागेल. कल्पना चुकीची नव्हती, पण एकट्या बर्फावर एवढा मोठा देश तोलणं शक्य नव्हतं.

ते १८९९ साली सिद्ध झालं. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर जॉन एलियट प्रमुख झाले होते. त्यांनी बर्फाला हिंदी महासागर, ऑस्ट्रेलिया असल्या किती तरी गोष्टींची जोड दिली आणि अंदाज चांगला लांबलचक होऊ लागला. १८९९ साठी त्यांनी सांगितलं की पाऊस सरासरीपेक्षा जास्त होईल. पाऊस झाला तो मोजणी सुरू झाल्यापासूनच्या सगळ्यात वाईट पावसांपैकी एक. गुजरात-राजस्थानात तो काळ ‘छप्पनिया’ म्हणून आजही सांगितला जातो. आपल्याकडेही दुष्काळाला प्लेगची जोड मिळाली. वर्तमानपत्रांनी खात्याला धारेवर धरलं आणि पुढे काही वर्षं अंदाज गोपनीयच ठेवले गेले. सूर्यावरच्या डागांनी दुष्काळ पडतो असं म्हणणारेही त्या काळी पुष्कळ होते, त्यात नॉर्मन लॉकियर यांच्यासारखा मोठा खगोलशास्त्रज्ञही होता. ज्याला जी जुळणी दिसे, तिच्यावर तो विश्वास ठेवी. जुळणी खरी की योगायोगाची, हे ठरवायला कोणाकडे मापच नव्हतं.

एलियट यांना वाटत होतं की आपल्या जागी आता गणिती माणूस हवा. तो मिळाला केंब्रिजमध्ये.

गिल्बर्ट वॉकर यांचा जन्म १८६८ चा, लँकेशरमधल्या रॉचडेलचा. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८८९ साली ते पहिले आले. मग तब्येतीनं दगा दिला आणि हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तिथे ते बर्फावरचं स्केटिंग शिकले. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं बूमरँग हवेत का वळतं आणि फेकणाऱ्याकडे परत का येतं, याचं गणित त्यांनी मांडलं, आणि ते तपासायला केंब्रिजच्या हिरवळीवर स्वतः बूमरँग फेकत हिंडले. मित्रांनी त्यांना ‘बूमरँग वॉकर’ नावच देऊन टाकलं. बासरीची रचना कशी सुधारता येईल यावरही त्यांचं डोकं चाले. हवामानशास्त्र मात्र त्यांनी कधी शिकलेलं नव्हतं. १९०४ मध्ये, पस्तिशीत, ते हिंदुस्थानच्या वेधशाळांचे महासंचालक म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी खात्याची मुख्य कचेरी सिमल्याला हलली, आणि तिथल्या अनाडेल मैदानावर साहेब बूमरँग फेकताना दिसू लागले.

वॉकर यांचं मोठेपण मला दिसतं ते त्यांनी पहिल्याच पायरीला काय केलं त्यात. पाऊस का पडतो याचं सिद्धान्तावरून गणित मांडता येतं का, हे त्यांनी तपासलं आणि मान्य केलं की ते आज शक्य नाही. हवेच्या हालचालींची समीकरणं सोडवायला लागणारी माहितीही नव्हती आणि साधनंही नव्हती. एवढ्या मोठ्या गणितज्ञानं आपलं आवडतं हत्यार बाजूला ठेवलं आणि दुसऱ्याच वाटेला लागला: कारण नंतर बघू, आधी कशाचा कशाशी खरोखर संबंध आहे तेवढं निश्चित करू.

त्यासाठी सांख्यिकीतलं नवं साधन होतं, सहसंबंध गुणांक. दोन रांगा घ्यायच्या: समजा, पन्नास वर्षांचा हिंदुस्थानचा पाऊस आणि त्याच पन्नास वर्षांतला मे महिन्याचा मॉरिशसचा दाब. दोन्हींची सरासरी काढायची. प्रत्येक वर्षाचा आकडा सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली ते लिहायचं. मग वर्षावर्षाच्या जोड्या गुणायच्या, चिन्हं सांभाळून. शंभर वर्ग काढायचे. सगळ्याची बेरीज, मग वर्गमूळ, मग भागाकार. शेवटी हाती येतो एकच आकडा, उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यानचा. शून्याजवळ असला तर संबंध नाही. टोकाकडे असला तर आहे. ही झाली एक जोडी. जगातली डझनावारी ठाणी, वर्षाचे चार हंगाम, आणि प्रत्येक हंगामाची आधीच्या आणि नंतरच्या हंगामांशी तुलना, असं धरलं तर जोड्या शेकड्यांनी होतात. हे सगळं सिमल्याच्या कचेरीत हिंदी कारकुनांनी कागद-पेन्सिलीनं केलं, वर्षानुवर्षं. एखादी बेरीज चुकली तर एका महासागराचा दुसऱ्याशी संबंध जुळायचा किंवा तुटायचा.

आणि इथे सापळा होता. वीस जोड्या तपासल्या तर त्यांतली एखादी निव्वळ योगायोगानं चांगली जुळलेली निघतेच. शेकडो तपासल्या तर अशा खोट्या जुळण्यांची रास पडते, आणि त्यांतली सगळ्यात देखणी उचलून तिच्यावर अंदाज उभारणारा माणूस हमखास तोंडघशी पडतो. वॉकर यांनी हे ओळखलं. १९१४ मध्ये त्यांनी एक कसोटीच मांडली: तुम्ही किती जोड्या चाळल्या ते आधी सांगा, मग त्यांतल्या सर्वांत मोठ्या गुणांकावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवू. आज औषधांच्या चाचण्यांपासून जनुकशास्त्रापर्यंत सगळीकडे ही खबरदारी घ्यावी लागते. सूर्यावरचे डाग त्यांनी याच चाळणीतून काढले. संबंध निघाला तो फारच फिका.

याच काळातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९१३ च्या फेब्रुवारीत वॉकर मद्रासला गेले असताना पोर्ट ट्रस्टच्या हिशेबखात्यातल्या एका कारकुनाच्या वह्या त्यांना दाखवण्यात आल्या. कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. वॉकर यांनी लगोलग मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून या तरुणाला काही वर्षं तरी पोटाची चिंता न करता फक्त गणित करता यावं अशी शिफारस केली. विद्यापीठानं महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. रामानुजन यांना केंब्रिजला नेणाऱ्या हार्डींचं नाव आपण सगळे घेतो; वॉकर यांचं पत्र सहसा कोणाला आठवत नाही.

आकडे हळूहळू बोलू लागले होते. पूर्वीच्या लोकांनी अर्धवट पाहिलेल्या गोष्टी वॉकर यांच्यासमोर होत्या. स्वीडनच्या हिल्डेब्रांडसन यांना १८९७ मध्ये दिसलं होतं की सिडनीत दाब चढतो तेव्हा ब्युनॉस आयरिसला उतरतो. लॉकियर बापलेकांना हिंदुस्थान आणि दक्षिण अमेरिका यांच्यात असंच उलटं नातं आढळलं होतं. टॉड यांचं वाक्य होतं. ब्लॅनफर्ड यांचा १८७७ चा चढा पारा होता. प्रत्येकाला हत्तीचा एकेक अवयव सापडलेला.

१९२३ आणि १९२४ मध्ये वॉकर यांनी जगाच्या हवामानावरचे आपले दोन मोठे निबंध खात्याच्या ग्रंथमालेत छापले. त्यांत पहिल्यांदाच सगळी ठाणी एकत्र, एका नजरेत आली. प्रशांत महासागराच्या बाजूला होनोलुलू, सामोआ, दक्षिण अमेरिकेचा किनारा. दुसऱ्या बाजूला डार्विन, बटाव्हिया, हिंदुस्थान, थेट कैरोपर्यंत. पहिल्या गटात दाब चढला की दुसऱ्यात उतरतो, आणि दुसऱ्यात चढला की पहिल्यात उतरतो. अर्ध्या पृथ्वीवरची हवा एकाच तराजूच्या दोन पारड्यांत विभागलेली होती, आणि ही पारडी वरखाली व्हायला महिने, कधी वर्ष-दोन वर्षं लागत. हिंदी महासागराकडचं पारडं दाबानं जड झालं की हिंदुस्थानात पाऊस कमी, जावामध्ये कमी, ऑस्ट्रेलियात कमी, नाईलचा पूर ओसरलेला. उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांतातही त्यांना अशीच दोन छोटी दोलनं सापडली. या तिसऱ्या, सगळ्यांत अफाट दोलनाला त्यांनी नाव दिलं दक्षिणी दोलन. १८७७ मध्ये आशियाभर पारा का चढला होता, याचं पहिलं खरं उत्तर हे होतं.

पण ज्यासाठी त्यांना बोलावलं होतं ते काम मात्र झालं नाही. सरकारला हवा होता पावसाचा अंदाज. वॉकर यांनी हिमालयाचं बर्फ, मॉरिशसचा दाब, दक्षिण अमेरिकेचा दाब आणि झांजिबारचा पाऊस असे चार घटक घेऊन सूत्र बांधलं. पुढे हिंदुस्थान हा एकच तुकडा धरण्यात अर्थ नाही हे ओळखून द्वीपकल्प, वायव्य आणि ईशान्य अशी वेगवेगळी सूत्रं केली. अंदाज बरे येत, कधी चुकत. अडचण त्यांच्याच आकड्यांत लपलेली होती. पावसाळ्यातल्या दक्षिणी दोलनाचा संबंध नंतर येणाऱ्या हिवाळ्याशी घट्ट होता, आधी होऊन गेलेल्या उन्हाळ्याशी सैल. म्हणजे हिंदुस्थानचा पाऊस पाहून जगातल्या पुढच्या हवामानाबद्दल सांगता यायचं. जगाचं हवामान पाहून हिंदुस्थानच्या पावसाबद्दल सांगणं अवघड. ज्या देशाच्या दुष्काळापोटी हा सगळा खटाटोप झाला, त्याच देशाला त्याचा उपयोग सगळ्यांत कमी! वॉकर यांच्यानंतर खात्याची धुरा वाहिलेले चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मध्ये ही खंत उघडपणे मांडली.

वॉकर १९२४ मध्ये ‘सर’ होऊन इंग्लंडला परतले आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. खातं १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी, मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. पीएमटीचा थांबाही त्याच नावानं ओळखला गेला. वॉकर यांच्या वारशाचे कागद, नोंदवह्या, अंदाजाची पद्धत, सगळं पुण्यात आलं. शोधाला मात्र मान मिळेना. हवामानशास्त्रज्ञ विचारत: होनोलुलूची हवा डार्विनच्या हवेशी बोलते कशी, ते सांगा. वॉकर यांच्यापाशी उत्तर नव्हतं आणि उत्तर नाही हे त्यांनी झाकलंही नाही. प्रशांत महासागराच्या पाण्याचं तापमान कोणी नेमानं मोजलेलं नव्हतं, तेव्हा कारण सापडणार तरी कुठून? त्यातच मधली काही दशकं दोलन मंदावलं आणि जुने सहसंबंध फिके पडले. ४ नोव्हेंबर १९५८ ला वॉकर वारले. इंग्लंडच्या हवामानशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आलेल्या मृत्युलेखाचा सूर असा होता की, या संबंधांतून जगाच्या हवामानाचा सिद्धान्त उभा राहील ही त्यांची आशा काही फळाला आलेली दिसत नाही.

ते शेवटचे दिवस मोजत होते त्या वेळी उत्तर जगभरच्या वह्यांमध्ये लिहिलं जात होतं. जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ हा काळ आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून ठरवला गेला होता. साठाहून जास्त देशांनी एकाच वेळी समुद्र, हवा, बर्फ, सगळ्याची मोजणी करायची, असा तो प्रचंड उपक्रम. आणि नेमकं त्याच काळात प्रशांत महासागरात एक मोठा एल निन्यो आला. पेरूच्या कोळ्यांना एल निन्यो पिढ्यानपिढ्या माहीत होता: काही वर्षांनी किनाऱ्याचं थंड पाणी कोमट होतं आणि मासळी गायब होते. सगळे त्याला पेरूच्या किनाऱ्याचा स्थानिक प्रकार समजत. १९५७ ची मोजणी पाहिली तर कोमट पाणी किनाऱ्यावर थांबलेलं नव्हतं. विषुववृत्ताच्या कडेनं ते हजारो किलोमीटर आत महासागराच्या मध्यापर्यंत पसरलं होतं.

बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, वेधशाळेत काम केलेले डच शास्त्रज्ञ बर्लाख यांनी जकार्ताचा दाब आणि पेरूच्या किनाऱ्यावरचं पाण्याचं तापमान एकत्र वरखाली होतात हे दाखवलं होतं. दार उघडलं ते याकोब बियर्कनेस यांनी. नॉर्वेतल्या बर्गेनचे हे शास्त्रज्ञ वादळांची रचना उलगडून तरुणपणीच नावाजले होते. नंतर ते कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. त्यांनी भूभौतिकी वर्षाचे आकडे आणि महासागराच्या ऐन मध्यावरच्या कँटन नावाच्या छोट्या बेटावरच्या नोंदी समोर मांडल्या. १९६९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी सांगितलं ते असं.

एरवी प्रशांत महासागरावर वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ते पृष्ठभागाचं तापलेलं पाणी इंडोनेशियाकडे लोटत राहतात, इतकं की तिथली समुद्राची पातळी पेरूपेक्षा जवळजवळ अर्धा मीटर वर असते. पेरूकडे खालून थंड पाणी वर येतं. पश्चिमेच्या उबदार पाण्यावर हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो, दाब कमी राहतो. पूर्वेच्या थंड पाण्यावर हवा खाली उतरते, दाब जास्त राहतो. दाबातल्या या फरकामुळेच वारे वाहतात. वारे जरा मंदावले की उबदार पाणी पूर्वेला सरकू लागतं. पाणी सरकलं की दाबातला फरक घटतो. फरक घटला की वारे आणखी मंदावतात. एकानं दुसऱ्याला ढकलायचं, दुसऱ्यानं पहिल्याला. पावसाचे ढग इंडोनेशियावरून उठून महासागराच्या मध्यावर जातात आणि आपल्या बाजूला हवा खाली उतरू लागते, पारा चढतो, मोसमी वारे दुबळे होतात. म्हणजे कोळ्यांचा एल निन्यो आणि वॉकर यांचं दक्षिणी दोलन या एकाच घटनेच्या दोन बाजू होत्या, एक पाण्यातली आणि एक हवेतली. हवेच्या त्या प्रचंड पूर्व-पश्चिम चक्राला बियर्कनेस यांनी वॉकर अभिसरण असं नाव दिलं. मृत्युलेखाला जेमतेम दहा वर्षं झाली होती.

तीन वर्षांनी महाराष्ट्राला याचा अर्थ समजला, फार वाईट रीतीनं. १९७२ मध्ये मोठा एल निन्यो आला. पेरूची अँकोव्ही मासळी, जी तेव्हा जगातली सगळ्यांत मोठी मासेमारी होती, कोसळली. आणि इकडे, आधीच पाण्याला तरसलेल्या नगर, सोलापूर, बीड, उस्मानाबाद, सांगलीच्या पूर्व भागात पाऊस गेला. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्या तोंडून लाल मिलो, सुकडी, खडी केंद्रं आणि पाझर तलाव हे शब्द अजून ऐकायला मिळतात. फरक एवढाच की या वेळी १८७७ सारखी माणसं मेली नाहीत. कामं निघाली, धान्य आलं, आणि वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी उभी राहिली. आभाळ दोन्ही वेळा सारखंच रुसलं होतं. पुढे जुन्या जहाजांच्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी १८७७-७८ चा एल निन्यो किती प्रबळ होता ते दाखवलं. ब्लॅनफर्ड यांचा चढा पारा त्याचाच होता.

एवढं कळल्यावर पावसाचा अंदाज सोपा व्हायला हवा होता. १९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचं प्रारूप तयार केलं, आणि वॉकर यांची जुनी वाट नव्यानं रुळली; एल निन्योही त्या सोळांत होता. काही वर्षं ते छान चाललं. १९९७ मध्ये शतकातल्या सर्वांत जोरदार एल निन्योंपैकी एक आला आणि सगळ्यांनी धसका घेतला. देशात पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचं पश्चिमेकडचं पाणी उबदार आणि पूर्वेकडचं थंड असा द्विध्रुव तयार झाला होता, आणि १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी त्याचं रूप मांडलं. २००२ मध्ये उलट घडलं. एल निन्यो बेताचा, अंदाज सामान्य पावसाचा, आणि जुलैत देशभर नेहमीच्या निम्माच पाऊस. सोळा घटकांचं प्रारूप त्यानंतर मागे पडलं.

शेतकऱ्याला पावसाबद्दल कळायला हवं ते मे महिन्यात, बियाणं घेताना, मृगाच्या आधी. प्रशांत महासागर मात्र मार्च ते मे या काळात सगळ्यांत अस्थिर असतो. जुनं दोलन मोडत असतं आणि नवं कोणत्या बाजूला झुकणार ते पक्कं झालेलं नसतं. त्या महिन्यांत केलेले एल निन्योचे अंदाज म्हणूनच सगळ्यांत कच्चे निघतात, आणि हवामान खातं एप्रिलचा अंदाज मेअखेरीला सुधारून देतं. वॉकर यांच्या गुणांकांत दिसलेली आणि नॉर्मंड यांनी बोलून दाखवलेली अडचण ती हीच. पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत आता महासागर आणि वातावरण दोन्हींची समीकरणं एकत्र सोडवणारी प्रारूपं महासंगणकावर चालवली जातात. सिद्धान्तावरून गणित मांडायची जी वाट १९०४ मध्ये वॉकर यांना बंद दिसली होती, ती आता खुली झाली आहे, पण उन्हाळ्याच्या त्या तीन महिन्यांचं कोडं अजून तिच्याही हाती पुरतं लागलेलं नाही.